एका चुलीचं गाव

"रजिस्टर हा, सरपंचबायच्या नावाचा!"

पोस्टमनने सायकल आंब्याला टेकवली आणि लांबूनच हाक मारली. मी राहुटीपुढे तीन दगडांच्या चुलीवर भात चढवत होते. हात पदराला पुसून सही केली, पाकीट फोडलं आणि उभ्या उभ्याच वाचलं. वाचून झाल्यावर भाताखालची पेटती लाकडं मी बाहेर ओढली. का ओढली, ते आज विचारलंत तर सांगता येणार नाही.

"काय आसा गो त्यात?" माझ्या सासऱ्यांनी विचारलं. ते राहुटीसाठी झावळ्या कापत बसले होते.

"उद्या अकरा वाजता नायब तहसीलदार येतले, आबा. गावाची पाहणी करूक. सगळ्यांनी आपापल्या राहत्या घरात हजर रवाचा, असा लिवलेला आसा."

"उद्या?" आबांच्या हातातली कोयती थांबली. "उद्या तर पळणीचो तिसरो दिवस."

गावपळण म्हणजे काय ते आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. दर तीन वर्षांनी, भात घरात आल्यावर, आमचं खुणवडं गाव तीन दिवस रिकामं करायचं असतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांनी व्हाळ, म्हणजे गावाच्या शिवेवरचा ओढा, ओलांडून हद्दीबाहेर जायचं आणि राहुट्या ठोकून राहायचं. घरोघरच्या चुली विझवायच्या. ते तीन दिवस गाव देवाचं. चौथ्या सकाळी गुरव एकटा आत जातो आणि रवळनाथाच्या मूर्तीला ओल्या कळ्या लावतो. उजवी कळी आधी पडली की देवाचा कौल मिळाला, मग सगळे वाजतगाजत परत. हे कशासाठी आणि कधीपासून, त्याच्या जितकी तोंडं तितक्या कथा. मला विचाराल तर तीन दिवस अंगण सारवायला लागत नाही, एवढं कारण मला पुरेसं होतं.

हे झालं देवाचं. सरकारचं असं की खुणवडं म्हणजे राहती अडतीस घरं, माणसं एकशे बेचाळीस, आणि तरीही ग्रामपंचायत स्वतःची. सात जागांसाठी सात माणसं मिळवताना ग्रामसेवक पाटकर भाऊसाहेबांच्या तोंडाला फेस यायचा. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा गावात दहावी झालेली बाई मी एकटीच, म्हणून सुहासिनी परब सरपंच. आणि माझे सासरे लवू परब हे गावकार, म्हणजे देवाच्या कारभारातले पहिले मानकरी. ते कधी ग्रामपंचायतीची पायरी चढले नाहीत, मी कधी कौलाच्या वेळी देवळात तोंड उघडलं नाही. नवरा वास्कोला बंदरावर कामाला. घरात आम्ही दोघंच, म्हणजे दोन सरकारं, आणि दोन्ही सरकारांचा भात मी शिजवत होते.

आता पाहणी कशाची? मागच्या पळणीत, मी सरपंच व्हायच्या आधी, कोणी एक मंडल अधिकारी आमच्या गावात येऊन गेले. त्यांना माणूस दिसला नाही, धूर दिसला नाही, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. त्यांनी अहवालात एक शब्द लिहिला: बेचिराख. महसूल खात्याचा जुना शब्द आहे. ज्या गावात दिवाही लागत नाही, ते गाव बेचिराख. तो शब्द तीन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत मोठा झाला, आणि एक दिवस आमच्याकडे कागद आला. खुणवडं ओसाड आहे, सबब त्याची ग्रामपंचायत मोडून गाव शेजारच्या माळेवाड्याला जोडण्यात येत आहे, हरकत असल्यास कळवावी. तो कागद मी दिवेलागणीला, दिवा लावून वाचला.

हरकत कळवायला मी तालुक्याला इतके खेटे घातले की कचेरीतला शिपाई मला चहा विचारायला लागला. शेवटी एवढं पदरात पडलं की एकदा फेरपाहणी होईल आणि तिच्यावर शेवटचा निर्णय. ती पाहणी ही. तारीख नेमकी पळणीच्या पोटात कशी आली, ते मला आजही सिद्ध करता येणार नाही. पण माळेवाड्याच्या शांताराम पेडणेकरांना आमच्या सड्यावर, गावावरच्या कातळपठारावर, चिऱ्याची खाण काढायची होती. आमची ग्रामपंचायत दर वर्षी ठराव करून नाही म्हणायची, कारण गावाची एकुलती एक झर त्या सड्याच्या पोटातून येते. ग्रामपंचायत गेली की ठराव गेला, ठराव गेला की झर गेली. आणि झर गेली की पाच-सात वर्षांत तो शब्द खरा झाला असता. 

"आबा, आजच कौल लावून बघूया," मी म्हटलं. "देवाक सांगा, येळ तशीच इली हा."

मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. त्यांनी बाबली गुरवाला बोलावलं आणि दोघं व्हाळाच्या काठी बराच वेळ बोलत उभे राहिले. चार वाजता बाबली एकटा आत गेला. सगळं गाव काठावर येऊन बसलं. गुरं तेवढी हंबरत होती. तासाभराने बाबली पाण्यातून परत आला तो मान खाली घालूनच.

"डावी पडली," तो म्हणाला.

"परत लाव," कोणीतरी म्हणालं.

"देवाक एकच गजाल दोनदा इचारूची नसता," आबा म्हणाले. विषय तिथे संपला. ठरलं एवढंच की साहेबाला हद्दीवरच गाठायचं आणि सगळी हकीगत सांगायची. माणूस आहे, ऐकेल.

दुसऱ्या दिवशी जीप साडेदहालाच आली. नायब तहसीलदार कुंभोजकर, कोल्हापूरकडचे, किडकिडीत, चष्मा लावणारे. सोबत शिपाई, आणि मागच्या सीटवर पंच म्हणून स्वतः पेडणेकर. त्यांच्या सदऱ्याची इस्त्री बघूनच माझं डोकं फिरलं.

"सरपंच कोण?"

"मी, साहेब. सुहासिनी परब."

"मग तुम्ही इथे कशा? पत्र मिळालं नाही?"

"मिळालं. पण गाव आज इथे आहे. ही बघा सगळी माणसं, एकशे बेचाळीस. मोजून घ्या."

आबा पुढे झाले. हात जोडून त्यांनी पळण काय असते ते सांगितलं, उद्या सकाळी सगळी आत जाणार तेही सांगितलं. कुंभोजकरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आजोबा, तुमच्या देवाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण आपण उभे आहोत ती जागा कोणाच्या हद्दीत?"

"माळेवाडे," पेडणेकर मागून म्हणाले. "सर्व्हे नंबर सांगू?"

"म्हणजे आज ही माणसं माळेवाड्यात आहेत. मला पाहणी खुणवड्याची करायची आहे. आत जाऊन जे दिसेल तेच मी लिहिणार."

"मतदारयादी आहे ना, साहेब," मी म्हटलं.

"यादीत मुंबईला राहणारेही असतात, बाई. म्हणून तर प्रत्यक्ष पाहणी."

"मग उद्या या. फक्त एक दिवस."

"उद्या सकाळी हा अहवाल जिल्ह्याला पोचायचा आहे. माझ्या हातात असतं तर आलो असतो."

मला वाटतं ते खरं बोलत होते. तो माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर मला चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

"पुलावरून गावात जायला किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"वळसा आहे. वीस मिनिटं," पेडणेकर जीपमध्ये चढता चढता म्हणाले. जीप धूळ उडवत गेली.

 काठावर एक म्हातारी डोळ्याला पदर लावून बसली. मी पाटकर भाऊसाहेबांकडे वळले. बिचारे सकाळपासून दप्तर पोटाशी धरून उभे होते.

"भाऊसाहेब, बेचिराख लिहायचं नाही तर गावात किती घरं वसती लागतात?"

"किती असं नाही काही," ते म्हणाले. "एक चूल पेटती असली आणि एक माणूस घरात असला, तरी तो शब्द लिहिता येत नाही."

काडेपेटी सकाळच्या चहापासून माझ्या कमरेलाच होती. मी निऱ्या वर खोचल्या आणि व्हाळाकडे निघाले. पायवाटेने आमचं घर तिथून फार तर दहा मिनिटांवर. पण हद्दीच्या दगडापाशी आबा येऊन उभे राहिले होते.

"खय चललंस?"

"घराक."

"पळण मोडता ती."

"ठावक आसा."

"मोडल्यार पुढची पळण होयसर गावात जागा नाय. तीन वर्सां."

"ता पण ठावक आसा. ऱ्हवान मी भायर. आबा, बाजूक व्हा. जीप पुलार पोचली असतली."

मागे सगळं गाव बघत होतं. आठ वर्षांत मी सासऱ्यांना असं कधी बोलले नव्हते. आबांनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं, म्हणजे मला तो खूप वाटला.

"खयच्या घरात पेटवतलंस?" त्यांनी विचारलं.

मला त्या प्रश्नाचा रागच आला. "आपल्याच! दुसऱ्याच्या घरात कित्याक? माझ्यामुळे दुसऱ्याक कित्याक त्रास?"

"बरा," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या नको."

आणि बाजूला झाले. नुसते बाजूला नाही, पाठ फिरवून उभे राहिले. म्हणजे आजपासून तू माझी कोणी नाहीस, असा मी त्याचा अर्थ घेतला. डोळ्यांत पाणी आलं ते पुसायला वेळ नव्हता. मी पाण्यात पाय घातला.

मी देव न मानणारी बाई नाही, हे इथे सांगायला हवं. रिकाम्या गावातून धावताना माझी पाचावर धारण बसली होती. उघडी खळी, उघडे गोठे, दोरीवर कोणाचा तरी विसरलेला पंचा, आणि कुठे म्हणून आवाज नाही. देवळासमोरून जाताना मी मान वर केली नाही. रवळनाथा, काय करायचं ते मला कर, एवढंच म्हटलं.

घरात शिरले आणि चुलीपुढे बसले तेव्हा आठवलं की विझवताना मीच तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं होतं. राख ओली, लाकडं दमट. पहिली काडी विझली. दुसरी विझली. पेटीत चारच होत्या. मी माजघरातून जुन्या वहीची पानं आणली, नारळाच्या सुक्या सोडणांचा चुरा केला आणि तिसरी काडी ओढली. कागद जळला, सोडण नुसतं धुमसलं. तेवढ्यात वरच्या रस्त्यावर जीपचा आवाज आला. मी जमिनीला गाल टेकून फुंकत राहिले. छातीत दुखायला लागलं तरी फुंकत राहिले. मग सोडणातून बारीकशी ज्योत वर आली आणि कौलांतून धूर निघाला. त्या धुराने मला एवढं रडू आलं की काय सांगू. मी चहाचं आधण ठेवलं.

"घरात कोण आहे?" ओटीवरून आवाज आला.

"या साहेब. बसा. चहा ठेवलाय, पण कोरा. गुरं गावात नाहीत."

कुंभोजकर आत आले, चुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली होती.

"ही आत्ता धावत आली आहे, साहेब!" पेडणेकर दारातून ओरडले. "मघाशी आपणच हिला काठावर बघितली. नाटक आहे सगळं."

"घर कोणाचं?" कुंभोजकरांनी मला विचारलं.

"आमचं. मी आठ वर्षं इथे राहते. ते माझे डबे, ती माझी दळणाची पिशवी. हात लावून बघा."

"बाकीची घरं?"

"उद्या पेटतील. पण तुम्हाला आजचं लिहायचं आहे ना? मग आजचं लिहा. आज गावात एक चूल पेटती आहे आणि तिच्यापुढे एक माणूस बसलेलं आहे."

ते ओटीवर जाऊन बसले आणि त्यांनी कागद काढला. पेडणेकर त्यांच्या कानाशी लागले होते. कुंभोजकर त्यांना म्हणाले, "मी आत आलो तेव्हा बाई चुलीपुढे होत्या. मला दिसलं ते मी लिहितोय. पंच म्हणून तुम्हालाही तेच दिसलं. सही करा." पेडणेकरांनी इतक्या जोरात सही केली की कागद फाटतो की काय असं वाटलं.

कुंभोजकरांनी अहवाल मला वाचून दाखवला. 'मौजे खुणवडे. प्रत्यक्ष पाहणी केली. गाव वसते आहे. पाहणीच्या वेळी हजर व्यक्ती एक, सुहासिनी परब.' मग पेन खिशाला लावता लावता त्यांनी हळूच विचारलं, "हे लोक तुम्हाला आता काय करतील?"

"तीन वर्षं गावाबाहेर."

 ते कोरा चहा पूर्ण प्याले आणि गेले.

परत आले तेव्हा मला कोणी काही विचारलं नाही. कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला, कोणी बाजूला सरकून जागा दिली. आबा माझ्या हातचं जेवले, मान वर न करता. मी माझी गोधडी वेगळ्या राहुटीत नेली. आतापासून सवय करायला हवी होती.

चौथ्या सकाळी बाबली गुरवाने आतून शिंग फुंकलं. उजवी पडली होती! ढोल वाजायला लागले, बायकांनी टोपल्या डोक्यावर घेतल्या, गुरं सुटली. मी आंब्याखाली उभी राहून सगळ्यांना जाताना बघणार होते आणि रडणार नव्हते, असं मी ठरवलं होतं. आबांनी हद्दीच्या दगडापाशी हात वर करून ढोल थांबवले.

"आत जावच्या आधी एक गजाल," ते म्हणाले. "पळण मोडली हा. नियम सगळ्यांका ठावक आसा. ज्या चुलीत आग पेटली, त्या चुलीचो धनी पुढची पळण होयसर गावाभायर."

"मी तयार आसय," मी म्हटलं.

"तू कित्याक?"

"चूल मी पेटवलंय, आबा. आठ वर्सां मीच फुकतंय ती."

"फुकणाऱ्याचा नाव नियमात नाय," आबा म्हणाले. "धनी म्हटला हा. घर कोणाच्या नावार आसा? भाऊसाहेब, तुमच्या पुस्तकात बघा."

पाटकर भाऊसाहेबांनी दप्तर उघडलं नाही. त्यांना पाठ होतं. "घर नंबर सतरा," ते पुटपुटले. "लवू सोमा परब."

आबांनी डोक्यावरचा मानाचा फेटा सोडला आणि बाबलीच्या हातात दिला. बाहेर राहणाऱ्या माणसाला तो बांधता येत नाही. मग चार पावलं मागे आले आणि माझी गोधडी होती त्या राहुटीच्या तोंडाशी जाऊन बसले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस.  मी त्यांच्यापुढे बसले आणि त्यांचे दोन्ही हात धरले, जे मी कधीच केलं नव्हतं.

"तुमका काल ठावक होता? बाजूक होताना?"

"म्हणान तर इचारलंय, खयच्या घरात पेटवतलंस," ते म्हणाले. "तू दुसऱ्याचा घर सांगला असतंस, तर मी तुका सोडूक नाय असतंय." मग आपले हात सोडवून घेत म्हणाले, "जा. सरपंच आसस तू. गाव आत चललो हा, तू हय काय करतंस?"

गाव माळेवाड्याला जोडायचा प्रस्ताव सहा महिन्यांत रद्द झाला. सड्यावर खाण झाली नाही, झर अजून वाहते. मी रोज दोन वेळा व्हाळ ओलांडून आबांना जेवण नेत होते. ते गावातल्या खबरा विचारायचे आणि मी सगळ्या सांगायची, ग्रामपंचायतीतल्यासुद्धा. एवढं बोलणं आमच्यात एका छपराखाली राहूनही कधी झालं नव्हतं. ठराव लिहिताना मी हळूहळू त्यांना विचारायला लागले होते. पुढच्या पळणीला सात महिने उरले असताना, एका दुपारी, जेवण घेऊन गेले तर ते राहुटीत निजलेले होते, आणि उठले नाहीत.

मृत्यूची नोंद माणूस जिथे मरतो त्या ग्रामपंचायतीत होते. आबांची नोंद माळेवाड्याच्या वहीत आहे. दाखला आणायला मी स्वतः गेले होते. तो आणला आणि कपाटात ठेवून दिला, आमच्या ग्रामपंचायतीत दिलाच नाही. त्यामुळे खुणवड्याच्या कागदांत लवू सोमा परब अजून हयात आहेत. नवीन ग्रामसेवक आला की घर नंबर सतराच्या नोंदीशी अडतो आणि विचारतो, काकी, वारस लावायचा राहून गेलाय का? मी म्हणते, राहू दे बाबा. चूल मी पेटवली, पण धनी ते होते, आणि ते नाव खोडायला माझा हात धजत नाही.